कंप्रेसर पंधरा हजाराचा, बोर्ड दीडशेचा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातला शेतकरी. तुमचा पेपर आमच्याकडं रोज येतो, मी शेतीचं पान आधी वाचतो अन् राजकारण नंतर. पत्र पहिल्यांदाच लिहायलोय, इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या. विषय तसा बारका आहे, घरी टायरात हवा भरायचं लाईटवरचं मशीन, म्हणजे कंप्रेसर. पण आमच्या एका गल्लीत आता पाच घरी हे मशीन झालंय अन् पाचीच्या पाची ठिकाणी ते जसं जोडलंय ते बघून अंगावर काटा येतो. त्यात माझं बी एक होतं, म्हणून पहिलं माझंच सांगतो.

आमच्या शेताचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूनं वेडी बाभूळ. कुणी तोडली तरी काटे रस्त्यातच पडून राहतात, मोटारसायकलचं चाक आठ-पंधरा दिवसाला बसतंच. पंक्चरचं दुकान फाट्यावर, 4 किलोमीटर, तिथवर गाडी ढकलत न्या. शिवाय ट्रॅक्टर, ट्रॉली, आता तर बैलगाडीला बी टायरच आलेत. म्हणून मागच्या वर्षी दिवाळीला जिल्ह्याच्या गावाहून 1 एचपीचा, 50 लिटर टाकीचा कंप्रेसर आणला, पंधरा हजार मोजले. दुकानदारानं पुस्तक दिलं ते सगळं इंग्रजीत, वायर दिली ती हातभर, अन् माहिती काय दिली तर "घरी जा, पिन लावा, चालू होतंय." मी बी शहाणा, ओसरीत मशीन ठेवलं, बाजारातून दीडशेचा एक्स्टेंशन बोर्ड आणला अन् स्वयंपाकघरातून ओढला. तीन पिनाचा टॉप त्या बोर्डात बसंना म्हणून दोन पिनाचा लावून टाकला. पावसाळ्यात टाकीला हात लावला की मुंग्या यायच्या. बायको म्हणली, "अहो, याला करंट येतोय." मी म्हणलं थोडंसं येतंच असतंय. काय बोलावं माझ्या अकलेला.

आखाडात भाचा आला होता, बारावी झालेलं लेकरू, मशीनीचा लई नाद. आदल्या दिवशी संध्याकाळी ट्रॉलीत हवा भरताना मधीच लाईट गेली होती, बटण तसंच चालू राहिलं, कुणाच्या ध्यानात नाही. सकाळी हा गडी पट्टा ढिला झालाय म्हणून जाळी खोलून बसला, उकिडवा, हातानं पुली फिरवून बघायलाय, खांद्यावर माझा जुना गमछा. अन् लाईट आली. मी दारात चहा पीत होतो, मला फक्त मोटरचा गुंSS आवाज अन् फाट् असं ऐकू आलं. बघतो तर गमछ्याचं एक टोक पट्ट्यात गेलेलं अन् सगळा गमछा ओढत पुलीवर गुंडाळलेला, पट्ट्यातून धूर, जळक्या रबराचा वास. पळत जाऊन पिन उपसली. पोरगं भिंतीला टेकून बसलेलं, दोन्ही हात पुढं धरून बोटं मोजायल्यासारखं बघायलं होतं. "मामा, गमछा गेला," एवढंच म्हणलं. गमछा नुसता खांद्यावर टाकलेला होता म्हणून, गळ्याला गुंडाळलेला असता तर मी आज हे पत्र लिहायला बसलो नसतो. बहिणीला आम्ही दोघांनी चार दिवस सांगितलं नाही.

मग आमच्या गावातले एक काका आहेत, आयटीआयला वायरमनचा ट्रेड शिकवायचे, आता रिटायर आहेत, त्यांना बोलावलं. आले, मशीनीभोवती एक चक्कर मारली, हात काही लावला नाही. म्हणले, "विहिरीवरच्या मोटरला स्टार्टर लावतोस ना? मग हिला का नाही? ही काय मोटर नाही का?" खरं सांगतो, हे डोक्यात आलंच नव्हतं.

आपल्याकडं सगळा घोळ इथंच आहे बघा. लाईट कवा जाईल अन् कवा येईल याचा नेम नाही. कंप्रेसरला जो प्रेशर स्विच असतो त्याला फक्त टाकीतली हवा कळते, हवा कमी झाली की चालू कर, भरली की बंद कर. तिथं माणूस बसलाय का लेकरू हे त्याला काय माहीत. त्यामुळं बटण चालू राहिलं अन् लाईट आली की मशीन आपोआप उठतं. स्टार्टरचं तसं नसतं, त्यात जी कॉईल असते ती लाईट गेली की सुटते, लाईट आली तरी सुटलेलीच राहते, परत हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. काकांनी प्रेशर स्विचची वायर त्या कॉईलच्याच लाईनीत घेतली, म्हणजे टाकी भरली की मशीन बंद पडतं ते बंदच, आणखी हवा पाहिजे तर माणसानं समोर उभं राहून बटण दाबायचं. घरच्या वापराला हेच बरं, आपल्याला काय पंक्चरचं दुकान चालवायचंय का. त्यात ओव्हरलोड बी आहे, मोटरनं जास्त करंट ओढला की पाडतंय. फक्त एक, विहिरीच्या स्टार्टरला आपण जे ऑटो बसवतो, लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारं, ते इथं कुणी बसवू नका, नाहीतर केलं ते सगळं वाया. आणि जाळी खोलायची असंल तर पिन उपसून, टाकीतली हवा सोडून, मगच. पिन स्वतःच्या खिशात ठेवता आली तर अजून चांगलं असं काका म्हणतात, ते गमतीनं म्हणतात का खरंच ते मला अजून कळलं नाही.

आता वायरीचं. मला वाटायचं वायर म्हणजे वायर, लाईट पोचली की झालं. काकांनी हिशोब मांडून दाखवला. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, चालू असताना मोटर 5-6 अँपिअर घेते पण उठताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट, 30 अँपिअर धरा. माझा तो बोर्ड 20 मीटरचा अन् वायर पाऊण एमएमची (म्हणजे चौरस एमएम), जाणं-येणं मिळून 40 मीटर तांबं, त्याचा रोध साधारण 1 ओहम. म्हणजे उठताना 30 व्होल्ट वायरीतच गायब. गहू-हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसात आमच्याकडं 230 च्या जागी 180 येतात, त्यातून 30 गेले तर मोटरला उरले 150, ती उठंल कशी? नुसती गुं गुं करत गरम होती, वायर बी गरम होती, अन् वायर जर गुंडाळी न सोडता तशीच वापरली तर आतल्या आत वितळते. तीच वायर अडीच एमएमची केली तर उठताना 9 व्होल्टच्या आसपास पडतात. म्हणून एक्स्टेंशन काढूनच टाकलं. मेन बोर्डापासून अडीच एमएमची तीन वायरींची वेगळी लाईन, केसिंगमधून, कारण उंदीर. सोयाबीन घरात आलं की उंदीर पाठोपाठ येतात अन् वायरी कुरतडतात हे मी शेतकऱ्यांना काय सांगावं. शेवटाला 16 अँपिअरचा सॉकेट, मोठ्या तीन पिनांचा.

तिसरी पिन म्हणजे अर्थिंग. इथं आपल्या काळ्या मातीची एक गंमत आहे. पावसाळ्यात ती ओल धरते तवा अर्थिंग झकास. पण एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, हात जाईल एवढ्या, माती रॉडपासून सुटते अन् अर्थिंग नुसतं नावाला राहतं. दोन-तीन वर्षांमागं अर्थिंग केलं म्हणून निर्धास्त राहणारे लई आहेत. उन्हाळ्यात खड्ड्यात आठ दिवसाला दोन-तीन बादल्या पाणी टाकायचं अन् वर्षातून एकदा वायरमनकडून मोजून घ्यायचं. आमच्या अर्थिंगच्या खड्ड्याशेजारी आता रांजणाचं सांडपाणी सोडलंय, त्याला वेगळं ध्यान द्यावं लागत नाही.

आणि आरसीसीबी. याच्याबद्दल गावात लई गैरसमज, लोक म्हणतात आमच्याकडं एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारं बटण, आहे की. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाला मारायला अर्धा अँपिअर बी लई झाला, तेवढ्यानं एमसीबी हलत बी नाही. आरसीसीबी काय करतो, फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का हे बघत राहतो, 30 मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठंतरी माणसातून नाहीतर ओल्या भिंतीतून तो जमिनीत चाललाय, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत लाईन तोडतो. खरेदी करताना 30 चाच मागा, 100 चा अन् 300 चा बी मिळतो, तो माणसासाठी नाही. त्याच्यावर टी लिहिलेलं बटण असतं, महिन्याला एकदा दाबायचं, पडला तर जिवंत आहे. आमच्याकडं तो बसवला त्या दिवशी मशीन लावलं की पडायचा, बायको म्हणली हे काय नवीनच, पण काकांनी मोटरची डबी खोलली तर आत वायरीचं वरचं प्लास्टिक घासून तांबं लोखंडाला टेकलेलं. म्हणजे मला ज्या मुंग्या यायच्या त्या या. पडतोय म्हणून आरसीसीबी बायपास करणारे बी महाभाग आहेत, त्यांना कोपरापासून नमस्कार.

जागा बी बदलली. आधी विचार होता गोठ्यात ठेवावं, पत्रे आहेत, जागा मोकळी. काकांनी साफ नाही म्हणलं. गोठ्याची जमीन कायम ओली, अन् जनावराचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, जमिनीतून करंट पसरला तर माणसाच्या आधी बैल जातो. कडब्याच्या गंजीजवळ नको, ठिणगी पडती. गॅसच्या टाकीजवळ नको. शेवटी घराच्या उत्तरेच्या भिंतीला, वर पत्रा, खाली फूटभर ओटा, भिंतीपासून दीड फूट लांब म्हणजे पंख्याला हवा मिळती. मे महिन्यात पत्र्याखाली बोट टेकवत नाही एवढं तापतं, तवा दुपारी मशीन लावतच नाही, सकाळी नाहीतर दिवस मावळल्यावर.

हे सगळं लाईटचं झालं. पण टाकीबद्दल कुणी बोलतच नाही अन् मला जास्त भ्या तिचंच वाटतंय. 50 लिटरच्या टाकीत 8 किलो प्रेशरनं (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 8 किलो) हवा भरली की तिच्यात साधारण 50 हजार ज्यूल ताकद दाबून बसलेली असते. काकांनी सोपं करून सांगितलं, सिमेंटचं एक पोतं शंभर मीटर वरून खाली पडलं तर जेवढा दणका बसंल तेवढा. अन् ही टाकी आपण ओसरीत ठेवतो, शेजारी पाळणा.

टाकी गंजते ती आतून, बाहेरून रंग चकाचक. पावसाळ्याच्या दमट हवेत 30 डिग्रीला एका घनमीटर हवेत 30 ग्रॅमपर्यंत पाण्याची वाफ असते, ती हवा दाबली की वाफेचं पाणी होतं. एक टाकी भरली की दीड-दोन चमचे पाणी तळाला. रोज एक टाकी धरली तर महिन्याला पाव लिटर. माझ्या टाकीखालचा कॉक वर्षभर कुणी खोललाच नव्हता, तो कशासाठी आहे हेच माहीत नव्हतं. काकांनी थोडी हवा ठेवून हळूच खोलला तर चॉकलेटी पाणी, गंजाचे पापुद्रे, तेलकट घाण, भांडंभर निघालं. पोरांनी बघितलं अन् म्हणले कोल्ड्रिंक आलं. आता काम झालं की कॉक खोलायचा, रिकामी टाकी खोलल्या कॉकनं तशीच ठेवायची. टाकीला भोक पडलं तर वेल्डिंग मारून घ्यायची नाही, टाकी भंगारात. जुनी टाकी घ्यायचीच असंल तर पाणी भरून प्रेशर देऊन तपासतात, पाणी दबत नाही म्हणून फुटली तरी नुसती गळते, हवेसारखी उडत नाही. तपासणारा जाणता पाहिजे, घरी प्रयोग करू नका.

सेफ्टी वॉल्व म्हणजे टाकीवरची ती पितळी शिट्टी, तिला कडी असते. प्रेशर स्विच अडकला अन् मोटर चालूच राहिली तर शेवटचा आधार तिचाच. रस्त्यावरच्या एका दुकानात मी डोळ्यानं बघितलंय, शिट्टीतून हवा गळत होती म्हणून काढून टाकली अन् तिथं बोल्ट आवळला, वर टेफलॉन टेप. म्हणलं, "भाऊ, हे काय केलं?" तर म्हणतो, "काका, आता एक थेंब हवा जात नाही बघा." अभिमानानं सांगायला होता. नवीन शिट्टी काही शेकड्यात येते हो. महिन्यातून एकदा कडी ओढून बघायची, फुस्स झालं पाहिजे, चिकटलेली असली तर बदलायची.

आणि मुळात 8 किलो कशाला? मोटारसायकलला 25 ते 33 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा लागते, ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकाला त्याहून कमी. 30 पीएसआय म्हणजे 2 किलोच्या थोडं वर. दोन किलोच्या कामाला आठ किलो दाबून ठेवायचं हे म्हणजे पावशेर दुधासाठी म्हैस दारात बांधल्यासारखं. आम्ही प्रेशर स्विच 6 किलोवर आणला, टाकीतली ताकद जवळजवळ तीस टक्के कमी झाली, मोटरला बी हलकं गेलं. टाकीच्या तोंडाला रेग्युलेटर बसवला, पुढं नळीत लागंल तेवढीच हवा. नळी बी हवेचीच, जाळीवाली रबरी. फवारणीच्या नळ्या किंवा पीव्हीसी पाईपातून हवा नेणारे आमच्याकडं आहेत, पाण्याला ते चालतं कारण फुटलं तरी पाणी वाहतं, पण हवेनं पीव्हीसी फुटला की त्याचे काचेसारखे तुकडे उडतात.

लेकरांचं सगळ्यात अवघड. सोयाबीन काढून आलं की अंगावर भुसा, मग पोरं हवेची गन घेऊन एकमेकांचे कपडे झटकतात, कानात मारतात, शर्टात मारतात, हसायला येतंय त्यांना. कानाचा पडदा जातो, डोळा जातो, कातडीला बारकी जखम असंल तर हवा आत शिरते. अन् मस्करीत शरीरात हवा सोडून जीव गेल्याच्या बातम्या तुमच्याच पेपरात अधूनमधून असतात, मी त्या कापून भिंतीला लावल्यात. अमेरिकेत कारखान्यात साफसफाईला हवा वापरायची तर 30 पीएसआयच्या आत असा नियमच आहे, अन् अंगावर तर कुणी मारूच नये. आमच्याकडं गन आता कुलपात. ट्रॅक्टरचा फिल्टर झटकायचा तर हवा हलकी करून, आतून बाहेर, डोळ्याला चष्मा. अन् मोठ्या चाकात हवा भरताना चाकासमोर उभं राहायचं नाही, बाजूला, लांब नळी अन् चिमटा लावून.

ज्याच्याकडं फक्त एक मोटारसायकल आहे त्यानं तर एवढा पसारा करूच नये असं माझं मत. 12 व्होल्टचा हातातला पंप मिळतो, गाडीच्या बॅटरीवरचा, त्याचा शॉक बसत नाही. आमच्यात काही हुशार पोरं तो फवारणीच्या पंपाच्या बॅटरीवर चिमटे लावून चालवतात, चालतो बी, पण चिमटे एकमेकाला लागले तर वायर लाल होऊन पेटते, तवा बॅटरीच्या प्लसपाशीच 15 अँपिअरचा फ्यूज घाला. अन् दहा मिनिटं चालला की थांबवा, ते खेळणं आहे, गरम होतं.

खर्च विचाराल तर वायर, स्टार्टर, आरसीसीबी, रेग्युलेटर, नळी, अर्थिंगचा मीठ-कोळसा, सगळं मिळून सात हजाराच्या आत बसलं, काकांनी मजुरी घेतली नाही, हुरड्याला या म्हणलं तर हो म्हणले. म्हणजे मशीनीच्या निम्म्याला बी नाही. हे दुकानातच कुणी सांगितलं असतं तर तवाच केलं असतं की. म्हणून साहेब, माझी विनंती एवढीच, एक तर तुमच्या शेतीच्या पुरवणीत याच्यावर चित्रासहित अर्धं पान द्या, कोणती वायर कुठं हे लोकांना चित्रातच कळतं. दुसरं, विकणाऱ्यांनी मशीनीबरोबर मराठीत एक कागद द्यावा, हे तुम्ही छापलं तर त्यांच्यापर्यंत जाईल, आम्ही सांगून कोण ऐकतंय. आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये वायरमनची पोरं शिकतातच, त्यांना घेऊन बाजाराच्या दिवशी अर्धा दिवस जरी कुणी हे करून दाखवलं तर आमचे काका फुकट यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.

परवा रात्री लाईट गेली ती पहाटे चारला आली. पंखा फिरायला लागला, फ्रीज गुरगुरला, शेजाऱ्याचा कंप्रेसर धडधड करत उठला, आमचा गप्प. आबा अंथरुणात उठून बसले अन् म्हणले, "आपलं हवेचं मशीन बिघडलं का रे?" म्हणलं नाही आबा, झोपलंय, तुमी बी झोपा. सकाळी शेजाऱ्याकडं काकांना घेऊन चाललोय.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. सेलू, जि. परभणी